अळंबीची परीक्षा चुलीवर होत नाही

पाऊस लागला की वस्तीत अळंबीची गोष्ट निघतेच. कोणाची तरी आई नाहीतर सासू गावाहून आलेली असते. ती उंबऱ्यात बसून सांगते, "आमच्याकडं मृग बरसला, आभाळ दोनदा गडगडलं, की तिसऱ्या दिवशी वारुळावर पांढरंशुभ्र! टोपली भरून आणायचो." विदर्भातली बाई तिला सात्या म्हणते, कोकणातली अळंबी म्हणते, गोव्याकडची असली तर रोयणीची अळमी. नावावरून थोडी ओढाताण होते, पण चवीबद्दल दुमत नसते. मटणाची सर येते, हे सगळ्याच सांगतात. ऐकणाऱ्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटते आणि पुढच्या रविवारी ती वस्तीमागचा डोंगर चढून पिशवीभर काहीतरी पांढरे घेऊन येतात.

ती पिशवी आमच्या डोळ्यांपुढे आहे. आजचे हे पान तिच्याविषयी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रानातले अन्न खाण्यात कमीपणा नाही. आपली घरे गावकुसाबाहेर होती. शेत दुसऱ्याचे, विहीर दुसऱ्याची. गायरान, ओढा, माळ आणि डोंगर हेच आपल्या आयाआज्यांचे कोठार होते. आषाढात कणगी खरवडायची वेळ यायची, तेव्हा टाकळा, कुर्डू, भारंगी अशा पाल्याने घरे तगली. त्यात अळंबी मिळाली तर तो सणच. आज त्याच रानभाज्यांचे शहरात महोत्सव भरतात, हौसेने फोटो काढले जातात. आपल्या ताटात त्या होत्या तेव्हा हेच लोक नाक मुरडत होते. म्हणून "आता आपण शहरात आलो, रानातले काय खायचे," असे कोणी म्हणू लागला तर ते आम्हाला मान्य नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. अळंबी ओळखणे ही एक विद्या आहे. ती विद्या जागेला बांधलेली असते. आणि ती जागा मागे ठेवून आपण इथे आलो आहोत.

जागेला बांधलेली म्हणजे कशी, ते वारुळावरच्या अळंबीवरून समजते. वाळवी वाळलेला पाला, लाकूड कुरतडून वारुळात नेते आणि त्याचा चोथा करून त्यावर एक बुरशी वाढवते. ही वाळवीची शेतीच म्हणा. त्या बुरशीवर वाळवी जगते. पावसाची ओल खोल मुरली की तीच बुरशी जमीन फोडून छत्री वर काढते. झाडाला जसे फळ, तशी बुरशीला ही छत्री. वर दिसते ते फळ, झाड सगळे जमिनीखाली. म्हणून त्याच वारुळावर वर्षानुवर्षे, साधारण त्याच नक्षत्राला, तीच अळंबी येते. गावातल्या जाणत्या बाईला कोणते वारूळ, कोणता उतार, कोणता पाऊस हे ठाऊक असते. तिच्या आईने तिथूनच काढली, तिच्या आजीनेही तिथूनच. ती छत्री ओळखते त्यापेक्षा ठिकाण जास्त ओळखते. शेजारच्या तालुक्यात नेऊन सोडली तर तीच बाई हात आखडता घेईल, आणि जाणती असेल तर घेतलाच पाहिजे.

पावसाळ्यात शहापूर, कर्जत, पालघरकडच्या आदिवासी बाया सागाच्या पानात अळंबी बांधून स्टेशनाबाहेर किंवा रस्त्याकडेला विकायला बसतात. त्यांच्याविषयी आम्ही वाईट शब्द काढणार नाही. त्या आपापल्या रानातून, आपापल्या ठिकाणाहून आणतात आणि विकतात तेच घरी खातात. ज्या मावशीकडून तुम्ही दहा वर्षे घेत आहात तिचा विश्वास वेगळा. वस्तीमागच्या डोंगरावरून, गटाराच्या काठावरून, मैदानाच्या गवतातून आपल्या पोरांनी उचलून आणलेली पिशवी वेगळी. तिच्यामागे कोणाची आजी उभी नाही.

जाणकारांच्या मुलखातही चूक होते, हेही सांगायला हवे. चीनच्या दक्षिणेकडे युनान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. उन्हाळ्याचा पाऊस सुरू झाला की तिथल्या डोंगररानांत इतक्या जातींची अळंबी उगवते की गावेच्या गावे टोपल्या घेऊन निघतात. तिथले लोक अळंबीच्या बाबतीत अडाणी नव्हेत. पिढ्यान् पिढ्या तोच व्यवसाय. तरीही १९७० च्या दशकापासून तिथे दर पावसाळ्यात, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, डोंगरातल्या खेड्यांत धडधाकट माणसे अचानक मरू लागली. छातीत धडधड, चक्कर, गळाठा, आणि काही तासांत मृत्यू. कधी एकाच घरातले दोघे-तिघे. सुमारे तीस वर्षांत अडीचशेहून अधिक माणसे अशी गेली. कारण कळत नसले की माणसे काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी पाण्याला दोष देतो, कोणी दैवाला.

शेवटी त्यांच्या रोगनियंत्रण संस्थेची माणसे खेडोपाडी मुक्काम करून बसली. मेलेल्यांच्या घरी जाऊन त्यांनी विचारले, काय खाल्ले, कुठले पाणी प्यालात, रानात काय केले. हळूहळू संशय एका लहानशा पांढऱ्या अळंबीवर आला. ती नाजूक, पाकळीसारखी, कुजक्या लाकडावर येणारी. बाजारात तिला कोणी विचारत नव्हते. चांगली, मोठी, महाग अळंबी लोक विकायला काढत आणि उरलेली ही चिल्लर पांढरी घरी कालवणात टाकत. ती विषारी असल्याचा कोणालाच अंदाज नव्हता. २०१२ साली शास्त्रज्ञांनी तिला नवी जात म्हणून नाव दिले. पण नाव ठरण्याआधीच गावागावांत सांगितले गेले होते, की ही पांढरी खाऊ नका. लोकांनी ऐकले आणि मृत्यू थांबत गेले. औषध निघाले नव्हते, दवाखाना बांधला नव्हता. दारोदार जाऊन सांगितले, एवढेच.

या हकिकतीतली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. मोलाचे ते विकायचे आणि बिनमोलाचे ते आपल्या पोरांना घालायचे. गरिबाची चूल सगळीकडे अशीच पेटते. कोंबडी पाळणारे घर अंडी विकते आणि स्वतः चटणी-भाकर खाते, हे आपण पाहिलेले आहे.

आपल्या देशातले उदाहरण घ्यायचे तर आसामचे घ्या. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या पूर्व भागात थोड्याच दिवसांत १३ माणसे रानटी अळंबी खाऊन गेली. दिब्रुगडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ३५ जण दाखल झाले होते. बहुतेक चहामळ्यातली मजूर कुटुंबे. त्यांत लहान मूलही होते. बातम्यांचा सूर असा होता, की अडाणी मजुरांनी विषारी अळंबी खाल्ली. आम्हाला हा 'अडाणी' शब्द खटकला. या मजुरांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात छोटा नागपूर आणि आसपासच्या आदिवासी मुलखातून मळ्यांवर आणले गेले. जिथून ते आले तिथे अळंबी हे रोजचे अन्न. सवय बरोबर आली, रान मागे राहिले. नव्या जमिनीत दिसायला तशीच, पण वेगळी छत्री उगवत असेल तर जुनी ओळख काय कामाची? आम्हाला वाटते, यात अडाणीपणापेक्षा स्थलांतराचा भाग मोठा आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून मुंबई-ठाण्याच्या वस्तीत आलेल्या आपल्या माणसांनी या घटनेत स्वतःला पाहावे, एवढ्यासाठी ती इथे सांगितली.

आता चुलीवरच्या परीक्षांकडे येतो, कारण खरा घात तिथे आहे.

रान सुटले, पण रानाची परीक्षा म्हणून काही गोष्टी आपल्याबरोबर आल्या आणि आता त्या मोबाइलवरही फिरतात. शिजताना चांदीचा रुपया किंवा चमचा टाका, काळा पडला तर विषारी. लसणाची पाकळी टाका, निळी-काळी झाली तर फेकून द्या. किड्याने खाल्लेली असेल, शेळीने तोंड लावले असेल तर माणसालाही चालते. लाल-पिवळी भडक असेल ती वाईट, पांढरी साधी ती चांगली. हळद-मिठाच्या पाण्यात ठेवा, दोनदा उकळून पाणी फेका, विष निघून जाते. अशी यादी प्रत्येक घरात थोडी वेगळी मिळेल.

यांतली एकही परीक्षा खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाने. जीव घेणाऱ्या विषाचा चांदीवर काही परिणाम होत नाही. लसणाचा रंग त्याच्या स्वतःच्या गुणाने बदलतो. गोगलगाय आणि किडे अत्यंत विषारी अळंबी खाऊन मजेत राहतात, त्यांचे शरीर वेगळे. सर्वांत घातक जातींतल्या कित्येक दिसायला पांढऱ्या, साध्या, वासाला चांगल्या, आणि वाचलेल्या लोकांनी सांगितले आहे की चवीलाही छान असतात. उकळल्याने, वाळवल्याने, तळल्याने त्यांचे विष जात नाही. उलट चांदीचा रुपया पांढरा राहिला म्हणून घर निर्धास्त होते आणि पोरांना दुसऱ्यांदा वाढले जाते. परीक्षा नसती तर निदान धाकधूक तरी राहिली असती.

आपण कालामसुत्त वाचतो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. चांदीचा रुपया ही अशीच ऐकीव गोष्ट. पण इथे एक अडचण आहे आणि ती आम्ही आडपडद्याशिवाय मांडतो. आपल्यातले काही तरुण कालामसुत्ताचा अर्थ इतकाच घेतात, की स्वतः अनुभव घ्या आणि ठरवा. अळंबीच्या बाबतीत अनुभव घेऊन ठरवणाऱ्याला ठरवायला वेळच मिळत नाही. त्या उपदेशात आणखी एक कसोटी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होते: जाणते लोक ज्याला दोष देतात आणि ज्याने दुःख व हानी होते ते सोडा. जाणता कोण, हे शोधणे हाही त्या शिकवणीचाच भाग आहे. अळंबीपुरता जाणता म्हणजे त्या वारुळाशी पिढ्यान् पिढ्या राहिलेली बाई, नाहीतर बुरशीचा अभ्यास केलेला माणूस. मोबाइलवर फोटो दाखवून नाव सांगणारे अ‍ॅप या दोघांत बसत नाही. दोन जुळ्या जाती फोटोत सारख्याच दिसतात.

विष शरीरात काय करते ते नीट समजून घ्यावे, कारण फसवणूक तिथेच होते.

एक प्रकार लवकर लागणारा. पावसाळ्यात मैदानाच्या हिरवळीत, शेणकुटाच्या जागी मोठाल्या पांढुरक्या छत्र्या येतात. त्यांतली एक जात आपल्याकडे सर्रास दिसते. ती खाल्ली की एक ते तीन तासांत ओकाऱ्या, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. माणूस हैराण होतो, लहान मूल किंवा म्हातारे माणूस पाणी कमी होऊन धोक्यातही येते, पण वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेक बरे होतात. निदान ती लगेच ओरडून सांगते, की मी वाईट आहे.

दुसरा प्रकार गप्प बसणारा. रात्री जेवण झाले, काही नाही. सगळे झोपले. सहा तास, दहा तास, कधी पुढची दुपार उलटून जाते. मग जोराच्या ओकाऱ्या आणि तांदळाच्या पेजेसारखे जुलाब. इतका वेळ गेल्यामुळे अळंबीची आठवणच कोणाला होत नाही. "काल लग्नात जेवला," "पाणी बदललं," असे म्हणून गोळी आणली जाते. साधारण एक दिवसाने ओकाऱ्या-जुलाब थांबतात. माणूस उठून बसतो, चहा मागतो. घर सुटकेचा श्वास टाकते. कोणी भगताकडून अंगारा आणला असेल तर त्याचे नाव होते. कोणी दवाखान्यात नेले असेल तर घरचे डिस्चार्ज मागतात, रोज बुडतो म्हणून.

हाच तो घातक दिवस. वरून आराम दिसत असतो आणि आत यकृत मरत असते. या विषामुळे यकृताच्या पेशींना लागणारी प्रथिने तयार होणेच बंद पडते. पेशी एकेक करून संपतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, हिरड्यांतून रक्त येते, माणूस बरळू लागतो. तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेले तरी डॉक्टरांच्या हातात फार थोडे उरलेले असते. या विषावर हमखास उतारा नाही. लवकर आलेल्या रुग्णाला सलाइन, कोळशाचे औषध, यकृत सांभाळणारी इंजेक्शने देऊन वाचवता येते. उशिरा आलेल्याला कधी कधी यकृत बदलण्यावाचून मार्ग राहत नाही. वस्तीतल्या घराला तो मार्ग किती मोकळा आहे हे आम्ही सांगायला नको.

म्हणून एक हिशेब लक्षात ठेवा. अळंबी खाल्ल्यावर त्रास जितका उशिरा सुरू होईल, तितकी भीती जास्त. सहा तासांनंतर पहिली ओकारी झाली तर घरी थांबूच नका. लवकर त्रास झाला म्हणूनही बिनघोर राहू नये. एकाच पिशवीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात.

दवाखान्यात जाताना काय करावे? १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. ज्यांनी ज्यांनी ते कालवण खाल्ले त्या सगळ्यांना न्या, एकालाच उलटी होत असली तरी. कालवण उरले असेल तर डब्यात घ्या, न शिजवलेला तुकडा असेल तर कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये तो कुजतो. किती वाजता खाल्ले ते लिहून ठेवा. मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून ओकारी काढू नका. एरंडेल, ताक, हळदीचे दूध काही नको. माणूस शुद्धीवर असेल तर ओआरएसचे घोट वाटेत द्या. आणि डॉक्टरांना पहिले वाक्य "जुलाब होतात" असे सांगू नका. पहिले वाक्य असे असावे: "अळंबी खाल्ली, अमुक वाजता खाल्ली." आराम पडल्यावर घरी सोडत असतील तर विचारा, लिव्हरची रक्ततपासणी केली का, उद्या पुन्हा करणार का. विचारायला लाजू नका. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र आहे. १८००-११६-११७ हा त्याचा फुकट फोन. तालुक्याच्या डॉक्टरलाही तिथून सल्ला घेता येतो.

इथे एक भीती आडवी येते, ती म्हणजे पोलीस केसची. विषबाधेच्या रुग्णाची नोंद दवाखाना पोलिसांकडे कळवतो, हे खरे. त्या धाकाने कित्येक घरे अळंबीचे नाव घेत नाहीत, शिळे खाल्ले म्हणून सांगतात. ज्या समाजाने पोलीस चौकीचा अनुभव घेतलेला आहे त्याची ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. आणि नोंदीसाठी उपचार अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. कायदेशीर कागद मागाहून. घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क त्या निकालाच्या मुळाशी आहे. ते कलम कोणाच्या मसुद्यातून आले हे या मासिकाच्या वाचकांना सांगावे लागत नाही.

दुसरी भीती घरातलीच. कालवण केले कोणी? बहुधा आईने, सुनेने, आजीने. पोरगं ओकायला लागले की नवरा पहिला प्रश्न विचारतो, "काय घातलंस त्याला?" मग ती बाई गप्प होते. पोरांनी डोंगरावरून आणले होते, आपण नको म्हणत होतो, हे सगळे ती गिळते. तिच्या गप्प बसण्यात चार तास जातात आणि ते चार तास मुलाचे असतात.

अशा वेळी आम्हाला चुंद आठवतो. पावा नगरीचा हा लोहार. त्याने तथागतांना भोजनाला बोलावले आणि सूकरमद्दव वाढले. ते नेमके काय होते, यावर फार जुना वाद आहे. कोणी डुकराचे कोवळे मांस म्हणतो, तर डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवणारी अळंबी असेही एक मत अट्ठकथेत नोंदलेले आहे. खरे काय ते ठरवण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. महापरिनिब्बाणसुत्तात पुढे जे येते ते मोलाचे आहे. तथागतांनी चुंदाला सांगितले, हे फक्त मला वाढ, उरलेले खड्ड्यात पुरून टाक. म्हणजे ते इतर कोणाच्या पोटात जाऊ नये. (आज मात्र उरलेले पुरू नका, डॉक्टरांकडे न्या, तेव्हा तपासणारी प्रयोगशाळा नव्हती.) पुढे रक्ताची हगवण लागली, वेदना झाल्या, आणि तशा अवस्थेत कुसिनाऱ्याच्या वाटेवर त्यांना काळजी कसली, तर चुंदाला कोणी बोल लावेल याची. त्यांनी आनंदाला बजावले, की चुंदाच्या मनात पश्चात्ताप राहू देऊ नका. त्याने दिलेले भोजन संबोधीपूर्वीच्या भोजनाइतकेच पुण्याचे आहे असे त्याला सांगा. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने स्वयंपाक करणाऱ्याची बाजू घेतली. आपल्या घरातल्या पुरुषांनी एवढे केले तरी पुरे: दवाखान्यात पोहोचेपर्यंत "कोणी केलं, कशाला केलं" हा प्रश्न तोंडातून काढू नये. ती बाई आपसूक बोलेल, आणि डॉक्टरला तेच हवे असते.

मग अळंबी खायचीच नाही का, असे कोणी विचारील. आमचे उत्तर: ज्या ठिकाणी तुमच्या घरातले जाणते माणूस अजून राहते, तिथे, त्याच्याच हातची खा. गावी गेलात तर मनसोक्त खा. शहरात आपण उचललेली नको. इथे विषारी जातीचा धोका आहेच, आणखी एक आहे. अळंबी जमिनीतले शिसे, कॅडमियम असे जड धातू शोषून घेते. डम्पिंगच्या उतारावर, रेल्वेच्या कडेला, नाल्याकाठी आलेली अळंबी जातीने चांगली असली तरी त्या मातीचे सगळे पोटात घेऊन उगवलेली असते. फारच हौस आली तर बाजारातली धिंगरी आणा. भुसा-काडावर ती घरातही पिकते, कृषी विद्यापीठांत तिचे बियाणे मिळते. चव वारुळावरच्या अळंबीची नाही, हे आम्हीही कबूल करतो.

वडीलधारी माणसे म्हणतील, आयुष्यभर खाल्लेले एकदम कसे सोडायचे? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या गुराचे मांस खाणे सोडा म्हणून सांगितले. त्या काळी ते मांस म्हणजे कित्येक घरांचे पोट होते. चांदण्या वाळवून ठेवत, वर्षभर पुरवत. तरीही लोकांनी सोडले. आपल्याच आजोबा-पणजोबांनी सोडले, उपास काढून सोडले. त्यामागे स्वाभिमानाचा प्रश्न होता, इथे तसा नाही, हे आम्ही जाणतो. पण तोंडात काय घालायचे आणि काय नाही हे आपले आपण ठरवू शकणारा हा समाज आहे. दुसऱ्या कोणाच्या किळसेवरून त्याने ते ठरवलेले नाही.

आता वर्षावास सुरू होतो आहे. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जाईल. संध्याकाळी बाया पोराबाळांना घेऊन येतात, वाचन झाल्यावर पाच-दहा मिनिटे रेंगाळतात. विहार समित्यांना आमची विनंती आहे, की त्यांतल्या एका संध्याकाळी हा विषय काढावा. गावाहून आलेल्या आजीला पुढे बसवून तिच्या वारुळाची गोष्ट तिच्या तोंडून ऐकावी, मग चांदीच्या रुपयाचे सांगावे, मग दुसऱ्या दिवशीच्या आरामाचे. पोरांना पुढे बसवा, कारण डोंगरावर तीच जातात. आणि १०८ व १८००-११६-११७ हे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवा. बाहेरच्या फळ्यावर नको, पहिल्या सरीत खडू धुऊन जातो. आत, वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी लिहा.